उल्हासचं खोरं एक, कारभारी अनेक
वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एक छोटी चौकट छापली होती, की नदीला महापालिकेची हद्द कळत नाही, त्यामुळे पाण्याचं नियोजन शहरानुसार नाही तर अख्ख्या खोऱ्यानुसार, म्हणजे पाऊस पडतो त्या डोंगरमाथ्यापासून पाणी खाडीला मिळतं तिथपर्यंत, एकत्र व्हायला पाहिजे. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. एप्रिल-मे आला की सोसायटीत टँकर सुरू, टँकरच्या बिलावरून दर मीटिंगला भांडणं, आणि जुलैमध्ये त्याच रोडवर गुडघाभर पाणी. मुंबईला सात तलाव, नवी मुंबईला मोरबे, मग ठाण्यालाच स्वतःचं धरण का नाही? एक धरण बांधलं की विषय संपेल ना?

उत्तर : ठाणे महापालिकेच्या मालकीचं धरण नाही हे बरोबर आहे. पण विषय संपेल का, तर माझ्या मते नाही संपणार, आणि का ते जरा सविस्तर सांगते कारण हाच प्रश्न खूप जणांनी विचारलाय.

आधी ठाण्याच्या नळाला पाणी कुठून येतं ते बघा. महापालिकेची स्वतःची योजना पिसे इथून भातसा नदीचं पाणी उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. दुसरं स्टेमचं, म्हणजे इथल्या महापालिकांच्या सामायिक पाणी कंपनीचं पाणी, ते शहाडजवळ उल्हास नदीतून. तिसरं एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणातून सोडलेलं पाणी जांभूळला शुद्ध होऊन येतं, ते कळवा-मुंब्रा-दिव्याकडे जास्त जातं. आणि थोडं मुंबई महापालिका देते, जिचं स्वतःचं जवळजवळ निम्मं पाणी परत भातसाचंच आहे. ऑफिसं वेगळी, बिलं वेगळी, पण नकाशा काढून बसलात तर दिसेल की भातसा काय, काळू काय, बारवी काय, सगळ्या शेवटी उल्हासलाच येऊन मिळतात. साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या वरचं हे एकच खोरं आहे. लोणावळ्याच्या डोंगरापासून माळशेज-नाणेघाट ते कसाऱ्यापर्यंतच्या कड्यांवर पडणारा पाऊस त्यात उतरतो आणि आपल्या ठाण्याच्या बाजूला वसईच्या आणि ठाण्याच्या खाडीतून समुद्राला जातो.

आता याच खोऱ्यातून ठाणे पाणी घेतं, कल्याण-डोंबिवली घेतं, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, अंबरनाथ, बदलापूर, वरून एमआयडीसी आणि मुंबई. एकाच बँक खात्यावर दहा जणांची एटीएम कार्डं आणि पासबुक कोणाकडेच नाही, अशी ही परिस्थिती आहे. तुम्ही म्हणता ते नवीन धरण कुठे होणार? मुरबाडचं काळू, शाई, कर्जतकडचे मंजुरी मिळालेले पोशीर आणि शिलार, ही सगळी नावं परत याच खोऱ्यातली आहेत. म्हणजे खातं तेच, फक्त कार्ड अजून एक. आणि धरणाखाली गावं जातात, जंगल जातं, जे जंगल पावसाचं पाणी धरून ठेवत होतं तेच बुडतं. काळूचं काम तर २०११ मध्ये वनखात्याची परवानगी नसतानाच सुरू झालं आणि हायकोर्टात थांबलं. माझा धरणाला सरसकट विरोध नाहीये. पण आधी अख्ख्या खोऱ्याचा हिशोब मांडा, किती पाणी येतं, किती उचलतात, गळती किती, वापरलेलं पाणी शुद्ध होऊन परत किती वापरात येतं, आणि मग ठरवा की धरण लागतंय का आणि कुठे. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं, धरणाची जागा आधी ठरते आणि हिशोब नंतर जुळवतात.

अजून एक गोष्ट, जी ठाणेकरांना फारशी माहीत नसते. उन्हाळ्यात उल्हासला जे पाणी दिसतं ना त्यातलं बरंचसं उल्हासचं नसतंच. मावळात आंध्रा नदीवर टाटांचं ठोकरवाडी धरण आहे, ते पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात येतं, १९२२ पासून येतंय, आणि वीज बनवून झाली की कर्जतकडे खाली उतरून उल्हासला मिळतं. आंध्रा नदी खरं तर इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे जे पाणी बंगालच्या उपसागराकडे चाललं होतं ते डोंगर फोडून इकडे वळवलंय आणि त्याच्यावर आपली एवढी शहरं उभी आहेत. मे महिन्यात नदीत किती पाणी असणार हे भिवपुरीला वीज किती आणि कधी बनते त्याच्यावर ठरतं, आणि ते पाणी परत भीमेकडे सोडा अशी मागणी पुणे-सोलापूरकडून अधूनमधून होतच असते, त्यांच्या बाजूने बघितलं तर ती चूक पण नाही. उद्या ते पाणी कमी झालं तर काय करायचं हे आपल्या एका तरी शहराच्या आराखड्यात आहे का, हा प्रश्न नगरसेवकांना जरूर विचारा.

आणि जुलैमधलं गुडघाभर पाणी. येऊरच्या डोंगरावरून जे ओढे उतरतात ते घोडबंदर रोड ओलांडून खाडीला जातात, तोच त्यांचा रस्ता आहे. मध्ये टॉवर आले, ओढे वळवले, पात्र अरुंद करून दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या, वरून स्लॅब टाकले. वरती डोंगरावर तासाभरात ८०-१०० मिलिमीटर पडला आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल तर ते पाणी जाणार कुठे, ते रोडवरच थांबणार. टँकर आणि तुंबलेला रोड ही एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. पावसाळ्याचं पाणी मुरायला जागाच ठेवली नाही तर ते चार महिने अंगावर येतं आणि बाकीचे आठ महिने गायब असतं.

प्रश्न : मॅडम, आम्ही बदलापूर पश्चिमेला राहतो, नदीपासून जवळ. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. प्रत्येक वेळी व्हॉट्सॲपवर फिरतं की बारवी धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला. हे खरं आहे का? आणि आता नदीकाठी अजून बिल्डिंगी होतायत त्याचं काय?

उत्तर : बारवीबद्दल हे गैरसमजातून पसरतं, आणि दर वर्षी लोक रात्रभर जागे राहतात म्हणून स्पष्ट सांगते. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या खालच्या अंगाला. त्यामुळे बारवी भरून वाहायला लागलं की खालच्या गावांनी, रायत्यापर्यंतच्या लोकांनी सावध राहायला हवं हे बरोबर, पण बदलापूर शहरात घुसणारं पाणी मुख्यतः वरून येतं, कर्जत, नेरळ, वांगणी, त्याच्या वरचा घाट आणि माथेरानच्या डोंगराच्या पूर्वेकडचा उतार इथून. महालक्ष्मी एक्सप्रेस आठवते ना, २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ हजारावर प्रवासी घेऊन पाण्यात अडकली आणि एनडीआरएफ, नेव्ही, एअरफोर्स सगळ्यांना यावं लागलं, ते वांगणी बदलापूरच्या वर आहे. तिथे रुळांवर पाणी आलं म्हणजे काही तासांत ते तुमच्याकडे येणारच होतं.

आणि हे "काही तासांत" आहे ना, ते फार महत्त्वाचं आहे. आपल्या कोकणातल्या नद्या आखूड आहेत. उल्हास सगळी मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आत. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी कड्यावरून सरळ खाली येतं, गोदावरी-कृष्णेसारखे दोन-तीन दिवस हातात मिळत नाहीत. म्हणून वरच्या गावांतल्या पावसाची आणि नदीच्या पातळीची माहिती खालच्या शहरांना तिथल्या तिथे मिळणं हीच खरी पूरनियंत्रणाची पहिली पायरी आहे. कर्जत रायगड जिल्ह्यात, बदलापूर ठाण्यात, घाटमाथा पुणे जिल्ह्यात, धरण एमआयडीसीचं, वीजघर टाटांचं, रेल्वे केंद्राची. या सगळ्यांचा पावसाळ्यापुरता का होईना एकच कंट्रोल रूम असावा, जिथे एक माणूस कर्जतचा पाऊस, भिवपुरीचा विसर्ग, बारवीची लेव्हल आणि कल्याणची भरतीची वेळ हे चारही आकडे एका स्क्रीनवर बघतोय, एवढी साधी गोष्ट मागतेय मी. कल्याणच्या आसपासपर्यंत भरतीचं पाणी चढतं हे विसरू नका, वरून पूर आणि खालून भरती एका वेळी आली की नदी उलट्या दिशेने फुगते आणि रायत्याच्या पुलावरून पाणी जायला लागतं.

आता बिल्डिंगी. पूररेषा नावाची गोष्ट असते, दोन रंगांची. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकाम नको, निळी ते लाल यामध्ये अटी घालून, जोत्याची उंची वगैरे बघून. ऐकायला छान आहे. पण "२५ वर्षांतून एकदा" हे वाचून लोकांना वाटतं आता पंचवीस वर्षं निवांत, तर तसं अजिबात नाही, दर वर्षी तेवढा पूर यायची शक्यता शंभरात चार इतकी असते, लागोपाठ दोन वर्षं पण येऊ शकतो. आणि रेषा काढायला वापरलेला पाऊस जुना, डोंगरांवर झाडी होती तेव्हाचा असेल तर आजचं पाणी त्या रेषेत मावणार कसं?

कर्जत-नेरळ पट्ट्यात जाऊन बघा काय चाललंय. भाताची खाचरं होती, प्रत्येक खाचराला बांध, पावसाळ्यात त्यात वीतभर पाणी उभं राहायचं. हजारो एकर खाचरं म्हणजे एक मोठं पसरट धरणच होतं ते, सरकारचा एक पैसा न लागता. आता तिथे भराव टाकून फार्महाऊस आणि सेकंड होमच्या स्कीम आल्या, बांध गेले, डांबरी रस्ते आले, पाणी थांबायचं बंद झालं. एका सातबाऱ्याचं एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करताना कोणी बघत नाही की खाली बदलापूरला यामुळे पाण्याची उंची किती वाढणार, कारण एका प्लॉटने काहीच वाढत नाही, सगळे मिळून वाढवतात. हे बघायचं काम खोऱ्याच्या पातळीवरच होऊ शकतं, तहसील ऑफिसात नाही.

नदीकाठी उद्योग कुठे किती अंतरावर असावेत याचं नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने २००० मध्ये आणलं होतं ते फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केलं, ही माझ्या मते मोठी चूक झाली आणि ती अजून दुरुस्त करता येईल. तुम्हाला वैयक्तिक सल्ला विचाराल तर फ्लॅट घेण्याआधी बिल्डरकडे नाही, नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यावर पूररेषा कुठून जाते ते सर्व्हे नंबर दाखवून लेखी विचारा, आणि त्या भागातल्या जुन्या चाळीतल्या आजोबांना २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर आजोबांवर विश्वास ठेवा.

प्रश्न : मोहन्याला उल्हास नदीवर दर उन्हाळ्यात जलपर्णी होते, हिरवं मैदान दिसतं. मशीन लावून काढतात, पुढच्या वर्षी परत तेच. औषध फवारून एकदाची मारून का टाकत नाहीत? (कल्याण)

उत्तर : कारण मेलेली जलपर्णी तिथेच बुडून सडते, सडताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, मासे मरतात, आणि तिथूनच पुढे पिण्याचं पाणी उचलतात. फवारणी नकोच. काढणं गरजेचं आहे, पण ती फोफावते का ते बघा. बंधाऱ्यामागे पाणी संथ, ऊन भरपूर आणि वरून येणाऱ्या सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस, म्हणजे तिच्यासाठी फुकटचं खत. एका रोपाला धावते फुटवे येऊन दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते. मोहन्याला शंभर मशीनं लावलीत आणि वरच्या गावांचं, नवीन कॉम्प्लेक्सचं सांडपाणी तसंच येत राहिलं तर ती परत येणारच. खर्च करतं कल्याण आणि इलाज आहे वरती, कर्जत-नेरळ-बदलापूरला. त्या खर्चातला काही भाग वरच्या नगरपरिषदांना सांडपाणी प्रकल्प चालवायला द्यायची सोय खोऱ्याचं एकत्र बजेट असेल तरच होईल, आज कायद्याने एक महापालिका दुसरीच्या नाल्यावर सहज खर्च करू शकत नाही.

प्रश्न : ताई, राग मानू नका पण नवी मुंबईकरांना हे सगळं का सांगताय? आमचं मोरबे धरण आमच्या मालकीचं आहे, चोवीस तास पाणी येतं, प्लॅन्ड सिटी आहे. उल्हास खोऱ्याशी आमचा काय संबंध? (वाशी)

उत्तर : राग कसला, चांगला प्रश्न आहे. उल्हासशी तुमचा संबंध कमी आहे हे मान्य, पण खोऱ्याशी आहेच. मोरबे खालापूरला धावरी नदीवर आहे, ती पाताळगंगेची उपनदी. म्हणजे तुमचं पाणी तुमच्या हद्दीतलं नाहीच, ते माथेरानच्या दक्षिणेकडच्या डोंगरातलं आहे. धरणाची भिंत महापालिकेची असली तरी ज्या डोंगरउतारावरून पाणी येतं तिथे तुमचा काहीच अधिकार नाही. तिथे उद्या माती उकरली, झाडं तोडली, रिसॉर्ट झाले तर गाळ मोरब्यात येणार आणि धरणाची साठवण हळूहळू कमी होणार. नवी मुंबईने धरण घेतलं हे दूरदृष्टीचंच काम होतं, त्याच दूरदृष्टीने आता पाणलोटातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांना सोबत घेऊन तिथलं जंगल राखायला पैसे द्यायला हवेत.

आणि दुसरं टोक तुमच्या घराजवळ आहे, ते मुद्दाम जाऊन बघा. वाशी, कोपरखैरणे, सानपाडा, बेलापूर हा सगळा भाग खाजणावर भराव टाकून केलेला, बराच भरतीच्या पातळीच्या खाली. म्हणून सिडकोने डच लोकांच्या पद्धतीने धारण तलाव बांधले. पारसिकच्या डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी नाल्यांतून या तलावात येतं. खाडीच्या तोंडाशी लोखंडी झडपा बसवलेल्या असतात, वरून बिजागरीवर लटकणाऱ्या. ओहोटीला आतलं पाणी जोर करून झडप उघडतं आणि बाहेर जातं, भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपोआप बंद होते. वीज नाही, मोटर नाही, फार हुशारीचं काम आहे. पण झडपेच्या फटीत एक प्लास्टिकचं पोतं किंवा लाकडाचा ओंडका अडकला की ती पूर्ण बंद होत नाही, भरतीबरोबर खारं पाणी आणि गाळ आत येत राहतो, वर्षानुवर्षं गाळ साचून तलाव उथळ होतो, गाळात कांदळवन उगवतं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे (ते असायलाच पाहिजे) गाळ काढायला कोर्टाची परवानगी लागते. मग अतिवृष्टी आणि मोठी भरती एकत्र आली की सेक्टरमध्ये पाणी. हा गाळ येतो कुठून तर खाडीतून, आणि पारसिकच्या खाणींनी उघड्या पडलेल्या डोंगरातून पण. डोंगर, नाला, तलाव, कांदळवन, खाडी ही एक साखळी आहे, पण कांदळवन वनखात्याकडे, तलाव-नाले महापालिका आणि सिडकोकडे, खाण महसूलकडे आणि प्रदूषण प्रदूषण मंडळाकडे.

एक चांगलं पण सांगते. सांडपाणी अजून एक पायरी शुद्ध करून ऐरोली आणि कोपरखैरणेहून ते कारखान्यांना द्यायचं काम नवी मुंबईने केलंय, हे उल्हास खोऱ्यातल्या सगळ्या शहरांनी शिकण्यासारखं आहे. कारखान्याच्या कूलिंग टॉवरला धरणाचं गोडं पाणी कशाला? आणि ठाणे खाडी आता रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२२ पासून, फ्लेमिंगो बघायला आपण सगळे जातो. त्या खाडीत वरून येणाऱ्या प्रत्येक नाल्याचं पाणी त्या पक्ष्यांच्या आणि दिवाळे, वाशीगावच्या कोळ्यांच्या ताटात जातं.

प्रश्न : तुम्ही शहरातले लोक खोरं खोरं करता. मी शहापूर तालुक्यातल्या पाड्यावरचा शिक्षक. भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्याकडे, पाइपलाइन गावाशेजारून जाते आणि मार्चपासून आमच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. एकत्र नियोजन म्हणजे आमचं पाणी अजून व्यवस्थित पद्धतीने नेणार, एवढंच ना?

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. तुमची भीती खरी आहे. जगात नद्यांच्या एकत्र नियोजनाच्या नावाखाली खूप ठिकाणी हेच झालं, मोठी धरणं आधी आणि माणसं नंतर. आणि शहापूरची गोष्ट तर अशी आहे की त्या गावांसाठी योजना कुठून, तर इगतपुरीच्या भावली धरणातून. भावली गोदावरीच्या खोऱ्यात. म्हणजे उशाशी भातसा असून तुमच्यासाठी पाणी घाटमाथ्यावरून आणायचं. का, तर भातसाचं पाणी धरणात खाली आणि पाडे वर डोंगरावर, आणि धरण बांधताना ते वर चढवायचा खर्च कोणी हिशोबात धरलाच नाही.

म्हणून खोऱ्याच्या नियोजनात पहिली ओळ ही पाहिजे, की पाणलोटातल्या माणसाचं पिण्याचं पाणी आधी, त्यानंतर शहर. हे उपकार म्हणून नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. शहराला पाणी गाळायचा अब्जावधी डॉलरचा प्लँट बांधावा लागणार होता, त्याऐवजी त्यांनी वरच्या शेतकऱ्यांना, गावांना सांडपाणी प्रकल्प, गोठे, जंगल, जमीन यासाठी पैसे दिले, पाणी मुळातच स्वच्छ राहिलं आणि प्लँटचा खर्च वाचला. करार एका दिवसात झाला नाही, आधी गावांनी शहराला कोर्टात खेचलं होतं. आपल्याकडे मुंबई-ठाण्याच्या पाणीबिलात दर हजार लिटरमागे अगदी थोडे पैसे शहापूर, मुरबाड, कर्जतच्या पाणलोटासाठी राखून ठेवले आणि ते ग्रामसभेच्या ठरावाने खर्च झाले, म्हणजे माथ्यावर समतल चर, ओढ्यावर छोटे बंधारे, झऱ्यांची दुरुस्ती, सौरपंपाने पाड्यावर पाणी, तर शहराला पण फायदाच आहे कारण धरणात गाळ कमी येईल. डोंगरातले झरे मार्चमध्ये आटतात ते वरची झाडी आणि माती गेली म्हणून, तिथे काम पायथ्यापासून नाही तर माथ्यापासून करावं लागतं.

आणि जी काही खोऱ्याची समिती बनेल त्यात तुमच्या तालुक्याच्या खुर्च्या महापालिकांइतक्याच पाहिजेत. नुसतं निमंत्रित सदस्य म्हणून नाही, मत द्यायचा हक्क पाहिजे. हे नसेल तर तुम्ही विरोध करा, मी तुमच्या बाजूने लिहीन.

प्रश्न : मी ठाण्यात सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय. एकात्मिक खोरे व्यवस्थापनाला आपल्याकडे कायदा आहे का की नुसतं पॉलिसीत लिहिलंय?

उत्तर : छान विषय घेतलास. थोडक्यात इतिहास सांगते, पुढचं तू शोध. अमेरिकेत १९३३ ला टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे अख्ख्या नदीखोऱ्याचा कारभार बघणारी एक संस्था झाली, त्याच धर्तीवर आपल्याकडे १९४८ ला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन. १९५६ ला नदी मंडळ कायदा आला, आंतरराज्य नद्यांसाठी, आणि त्या कायद्याखाली एकही मंडळ कधी बनलं नाही, यावर तुझ्या रिपोर्टमध्ये एक पान नक्की लिही. महाराष्ट्रात चितळे आयोगाने, म्हणजे राज्याच्या जल आणि सिंचन आयोगाने, १९९९ च्या अहवालात राज्याची २५ उपखोरी धरून विचार मांडला, २००३ च्या जलनीतीत खोऱ्यानुसार नियोजन आलं, २००५ ला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि त्यात एकात्मिक राज्य जल आराखडा बनवायचं कायद्यानेच सांगितलं. म्हणजे कागदावर आपण मागे नाही. पण आराखडा मुख्यतः पाण्याच्या वाटपाचा असतो, त्यात नाला, डोंगर, बांधकाम परवानगी, भरतीरेषा हे सगळं एका टेबलावर येत नाही. युरोपात २००० च्या जल निर्देशानुसार प्रत्येक खोऱ्याचा आराखडा दर सहा वर्षांनी नव्याने बनवावा लागतो, लोकांना आधी दाखवून, आणि नदीची जैविक तब्येत कशी आहे हे मोजावं लागतं, नुसतं पाणी किती ते नाही. फ्रान्समध्ये तर १९६४ पासून खोऱ्यानिहाय जलसंस्था आहेत, घाण करणाऱ्याकडून आणि पाणी उचलणाऱ्याकडून पैसे घेऊन त्याच खोऱ्यात खर्च करतात.

प्रोजेक्टसाठी एक सुचवते. अख्खी उल्हास घेऊ नकोस, मोठी होईल. वालधुनी घे. काकोळ्याच्या तलावाकडून निघते, अंबरनाथच्या हजार वर्षं जुन्या शिवमंदिराला लागून जाते, उल्हासनगरमधून कल्याणला येऊन मिळते. एवढ्याशा नदीवर धरण आहे, एमआयडीसी आहे, कापड रंगवायचे उद्योग, झोपड्या, रेल्वे, दोन महापालिका, एक नगरपालिका, शेवटी खाडी. उगमापासून चालत जा आणि प्रत्येक नाला कुठे मिळतो, पाण्याचा रंग, वास, पीएच, काठाला काय आहे हे नोंदव. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात एकदा. सॅटेलाइट नकाशे नंतर बघ, आधी पायी.

प्रश्न : आम्ही सामान्य माणसं सोसायटीत राहून काय करू शकतो? (ठाणे, ऐरोली आणि डोंबिवलीहून बरीच पत्रं)

उत्तर : पहिलं म्हणजे तुमच्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, चालू आहे का ते आजच खाली जाऊन बघा. ओसी, म्हणजे राहायला यायची परवानगी, मिळेपर्यंत चालतो आणि नंतर लाइटचं बिल वाचवायला बंद, असं कितीतरी ठिकाणी आहे, आणि ते पाणी थेट नाल्यात. दुसरं, विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा बहुतेक लोक स्वतःच्या प्लॉटवरचं आरक्षण बघतात, तुम्ही नाले आणि पूररेषा बघा आणि हरकत नोंदवा, लेखी, पोच घेऊन. तिसरं, माहितीच्या अधिकारात तुमच्या महापालिकेला एवढंच विचारा : कोणत्या नदीतून रोज किती पाणी उचलता, किती सांडपाणी शुद्ध करता आणि शुद्ध न केलेलं कुठे सोडता. वरच्या आणि खालच्या शहरातल्या ओळखीच्या लोकांनी पण हेच विचारलं तर खोऱ्याचा ताळेबंद आपणच जुळवू शकतो. उत्तरं आली की आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात बदलापूर ते ठाणे क्रमाने छापू.